राखून ठेवलेला पोर्ट

बाभुळगाव,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय राजू,

सप्रेम जय भीम. आईला नमस्कार सांग. इकडे सगळे बरे आहेत. कापूस भरलेल्या ट्रॅक्टरने परवा चौकातली आपली वायर पुन्हा तोडली. 'आपली' लिहून गेले बघ, आपले धंदे वेगळे होऊन सहा वर्षं झाली तरी.

इंटरनेट विकणारी बाई कागदावर पत्र लिहिते म्हणून हसशील. हस, पण आधी ऐक. कालपासून मी घरभर नुसती फिरते आहे!

रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला होता. आता तिला ऐकू येत नाही, ओठ बघूनच समजून घेते. नेमकं माझं चित्र उघड्या तोंडानिशी अडकलं. "काहून तोंड वासून बसली व पोरी? बोल ना!" असं दोनदा म्हणून तिने फोन ठेवला.

मला वाटलं, राजूची लाइन खराब. खरं सांगते, जरा बरंही वाटलं. मग मी आणि नागोराव, आपल्या डिश केबलच्या दिवसांपासूनचा तोच, कॉलचा मार्ग तपासायला बसलो.

"ताई, हे तं मुंबईले जाऊन राह्यलं!"

बाभुळगावहून निघालेला माझा चेहरा मुंबईला जातो आणि तिथून यवतमाळला, तुझ्या घरी येतो. नागोराव म्हणाला, "एसटीनं पाऊण घंट्यात पोचते माणूस. मंग हे कायले?" मी ऐकलं नाही असं दाखवलं.

कोणती कंपनी कुठे कोणाशी जोडलेली आहे, हे गुपित असणार असं मला वाटायचं. राजू, सगळं उघडं आहे! एक सार्वजनिक यादी आहे. आपली यंत्रं कोणत्या शहरात, कोणत्या इमारतीत ठेवली आहेत, आपण कोणाशी जोडून घ्यायला तयार आहोत, हे जगभरचे इंटरनेटवाले तिथे स्वतःच लिहितात. कोणीही वाचावं. माझीही नोंद होती, एकदा भरून विसरलेली. नागपूर उघडलं तर माझं नाव, आणि चार ओळी खाली तुझं. एकच इमारत, एकच मजला! मी अशी ओरडले की नागोरावचा चहा सांडला.

"एका केबलचं काम हाय ताई. दहा मीटरबी नाई लागत. मंग मुंबईले जायाचं कामच नाई."

मग मी तुझी नोंद उघडली. 'धोरण: सर्वांसाठी खुले.' खाली शेरा: 'बाभुळगावच्या नेटवर्कसाठी एक पोर्ट राखीव.' केबल लावायची एक जागा, माझ्यासाठी मोकळी. शेवटचा बदल चार वर्षांपूर्वीचा, जूनमधला.

जगात कोणालाही ते दिसलं असतं. मीच कधी बघायला गेले नाही.

तो जून, राजू. तुझा मेल मला मिळाला होता. 'ताई, नागपुरात जोडून घेऊ का? आईचा कॉल अडकते.' ताईचा पत्ता बदलला असेल, असं तू आईला म्हणालास म्हणे. पत्ता तोच होता. मी तो मेल उघडायची, वाचायची, बंद करायची. बाबा गेल्यावर तू वेगळा धंदा काढलास, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले होते की तुझ्यावाचून माझी एकही लाइन बंद पडणार नाही. ती पडलीही नाही. नुसती मुंबईला जाऊन येत राहिली.

तेव्हा आईला माझा आवाज ऐकू यायचा.

सोमवारी नागोराव केबल घेऊन नागपूरला जातो आहे. तुझ्या माणसाला पाठव. मी मात्र सोमवारपर्यंत थांबणार नाही. हे पत्र पोस्टात टाकणार होते, आता उद्या सकाळच्या एसटीने मीच घेऊन येते. दारात मला बोलता येणार नाही, म्हणून तू आधी हे वाच. मग मला आईसमोर बसव, उजेडाकडे तोंड करून, तिला ओठ नीट दिसतील असं.

तुझी, चार वर्षं उशिरा उत्तर देणारी,
मैत्रेयीताई

(माझ्या नोंदीत 'धोरण: निवडक' असं होतं. आत्ताच बदललं. बघून घे.)