वैभववाडीतली माझी एकुलती एक चढाई

आई,

माझा पाय मोडला. घाबरण्यासारखं काही नाही, आता तो बराही झालाय, आणि तू जाऊन तीस वर्षं होऊन गेल्यामुळे तुला घाबरवणं माझ्या हातात उरलेलं नाही. पण ही बातमी तुला सांगायला हवी, कारण माझा पाय मोडणार हे तू फार पूर्वीच सांगून ठेवलं होतंस. फक्त तू म्हणाली होतीस की खेळताना मोडेल. मी खेळत नव्हते. एकसष्ट वर्षांची, पंचायत समितीतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेली, सकाळ-संध्याकाळ गुडघ्यांना तेल चोळणारी बाई मी. मी नुसती बघत होते.

माझी शाळेतली मैत्रीण तुला आठवत असेल, खानावळीच्या मागच्या दाराने येऊन तुझ्याकडून गरम वडे घेऊन पळायची ती. ती आता मालवणच्या मासळी बाजारात बसते आणि तिचा आवाज अजून बंदरापर्यंत जातो. तिची नात आपल्या गावच्या मुलींच्या संघातून कबड्डी खेळते. नातीमुळे आजी सामन्यांना जायला लागली, आजीमुळे मी, आणि आम्हा दोघींवर लक्ष ठेवायला कुणीतरी शहाणं माणूस हवं म्हणून टीचर. टीचर तुला माहीत नाही. ती तुझ्यानंतर माझ्या शेजारी राहायला आली. फ्रॉक घालणारी, रविवारी चर्चला जाणारी, पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई. मालवणीत भांडण सुरू झालं की ती शुद्ध मराठीत मध्यस्थी करते. कबड्डीतलं तिला काही कळत नव्हतं, पण पहिल्याच सामन्याला ती वही घेऊन बसली आणि तिसऱ्या सामन्यापासून पंचांच्या चुका काढायला लागली.

वैभववाडीचा सामना उपांत्य फेरीचा होता. मुलींसाठी ठरवलेल्या गाडीत आम्हा तिघींना जागा मिळाली, कारण मुलींचा डबा आम्ही करणार होतो. माझा मुलगा पुण्याला असतो. मी फार हिंडू नये असं त्याचं म्हणणं असतं, म्हणून मी त्याला फोनवर सांगितलं की धामापूरला देवीची ओटी भरायला जातेय. गाडीत बसल्यावर टीचर म्हणाली, "देवीचं नाव घेऊन खोटं बोलणं बरं नव्हे." मी म्हटलं, "तुझी देवी नाही, तुला काय त्रास?" तिने खिडकीकडे तोंड वळवलं ते कणकवली येईपर्यंत. मैत्रिणीने मांडीवर थर्माकोलची पेटी घेतली होती. वैभववाडीत दिलेल्या नणंदेसाठी तिने बर्फात बांगडे घातले होते. घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना ताजा मासा मिळत नाही आणि त्यामुळे त्यांचा स्वभाव बिघडतो, असं तिचं ठाम मत आहे.

आता मैदान. मॅट घातलेली, कडेने प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि आम्ही अगदी पुढच्या रांगेत. शेवटची दोन मिनिटं उरली आहेत आणि आपण एका गुणाने मागे आहोत. नात चढाईला जाते. समोरच्या तिघी तिला कोपऱ्यात घेत घेत आत ओढतात आणि एक जण तिच्या पाठीमागे सरकते. ही पाठीमागची मला दिसते आहे, नातीला दिसत नाही. मी उठते. मी ओरडते, "मागे लाथ मार गो, डाव्या पायान." ती मारत नाही. आई, मला आजही कळत नाही की त्या क्षणी माझं काय झालं. तिने मारली नाही म्हणून मी मारली. डावा पाय मागे इतका जोरात गेला की चप्पल माझ्या डोक्यावरून पुढे उडाली आणि थेट मॅटवर मध्यरेषेपाशी जाऊन पडली. उजवा पाय खुर्च्यांखाली अंथरलेल्या ताडपत्रीवरून घसरला, घोट्याखाली मुडपला, आणि मी त्याच्यावर बसले.

पंचांनी शिट्टी मारली. मला वाटलं, माझ्यासाठी मारली. ती चपलेसाठी होती.

मैत्रीण माझ्याजवळ खाली बसली. "उठू नको गो," ती म्हणाली. "आवाज मी आयकलंय."

"माका काय्येक झाला नाय," मी म्हटलं.

"मगे तुझो पाय स्टेशनाकडे कित्याक बघता?"

मी पाहिलं. मी मैदानाकडे तोंड करून होते आणि पाऊल खरोखरच स्टेशनच्या दिशेला वळलं होतं. त्यानंतर दुखायला लागलं. टीचर मात्र अशा वेळी बाई नसते, फौज असते. तिने तिची लांब दांड्याची छत्री माझ्या पायाला लावली, राखीव मुलींच्या गुडघ्यांचे पट्टे काढून घेतले आणि छत्रीसकट पाय बांधून टाकला. मैत्रिणीने पेटी उघडून बांगडे एका पिशवीत ओतले आणि सगळा बर्फ माझ्या घोट्यावर लावला. तेवढ्यात लाऊडस्पीकरवरून निवेदक म्हणाला, "मालवणहून आलेल्या एका आजींना दुखापत झालेली आहे, प्रेक्षकांनी शांतता राखावी." आई, माझ्या मुलाला अजून मूलबाळ नाही. मला त्या दिवसापर्यंत कुणी आजी म्हटलं नव्हतं. पाय दुखला तो वेगळा, हे वेगळं दुखलं.

इकडे पंचांची चर्चा चालली होती. त्यांचे लोक म्हणत होते, पकड झालीच होती, चप्पल आली म्हणून सुटली. आपले म्हणत होते, चप्पल बघून नात बिचकली. शेवटी ठरलं की चढाई पुन्हा घ्यायची. आणि त्या सगळ्या गोंधळात आपल्या दमलेल्या मुलींना चार मिनिटं श्वास घ्यायला मिळाला. वैभववाडीकर अजून म्हणतात की म्हातारी मुद्दाम पडली.

नात पुन्हा चढाईला निघाली तेव्हा मैत्रीण मॅटकडे पाठ करून बसली होती. माझा पाय तिच्या मांडीवर होता, दोन्ही हातांनी तिने बर्फ धरला होता, आणि हात काढला की मी कळवळत होते. मी म्हटलं, "तू फिर गो, बघ, तुझी नात असा." ती म्हणाली, "पाय हलतलो. तू बघ आणि माका सांग." मग मी दात आवळून सांगत गेले. आत गेली. डावीकडे गेली. तिघी जवळ आल्या. मागची पुन्हा सरकली. आणि नातीने लाथ मारली, आई, अगदी मी मारली तशीच, फक्त ती पडली नाही. एकीला लाथ लागली, दुसरीने कंबर धरली, तिला ओढत ओढत नातीने रेषेला हात लावला. दोन गुण. मी ओरडले ते आनंदाने की दुखण्याने, ते माझं मलाही सांगता येणार नाही. मैत्रीण नुसती विचारत होती, "पोचला? पोचला काय गो?" आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण हात बर्फावरून हलले नाहीत.

मला गाडीपर्यंत नेलं ते दोन्ही संघांतल्या मुलींनी. एका गुणाने हरलेल्या वैभववाडीच्या संघाची कप्तान स्वतः पायांकडे होती. सहा जणींनी मला उचललं तेव्हा टीचर पुढून चालत होती आणि सांगत होती, "एकसमान पावलं टाका." दवाखान्यात डॉक्टर तरुण होता, सभ्य होता. त्याने छत्री सोडली, पाय पाहिला, मग नाक वर करून वास घेतला आणि म्हणाला, "काकी, मासे कुठे लागले?" मैत्रिणीने पिशवी पुढे केली आणि त्याला दोन बांगडे देऊ केले. त्याने घेतले नाहीत. नणंदेला मात्र ते संध्याकाळच्या आत पोचले. घोटा दोन ठिकाणी मोडला होता. प्लास्टर घालून मला गाडीच्या मागच्या सीटवर आडवी टाकली. मुली गाणी म्हणत होत्या, आणि कणकवलीच्या अलीकडे मुलाचा फोन आला.

"आई, धामापूरची देवी कबड्डी कधीपासून खेळायला लागली?"

कुणीतरी मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ माझ्या आधी पुण्याला पोचला होता. त्यात मी उठते, ओरडते, लाथ मारते आणि दिसेनाशी होते. एवढंच आहे त्यात. पुढची चढाई मोबाईलवर कुणी घेतलीच नाही, त्यामुळे मैत्रिणीला ती आजतागायत बघायला मिळालेली नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा गाडी घेऊन आला, तो मला कायमचं घेऊन जायचं ठरवूनच. आता एकटं राहायचं नाही, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे पण लिफ्ट आहे, घराला कुलूप लावू, बघू पुढे विकायचं काय ते. आई, मी हसले नाही तेव्हा. तुझ्या माघारी मी जे दोन खोल्यांचं घर बांधलं ते असं एका वाक्यात चाललं होतं आणि माझ्याकडे बोलायला तोंड नव्हतं, कारण मी खोटं बोलले होते आणि त्याने ते पाहिलं होतं. माझ्या ट्रंकेत तो साड्या घालत होता. त्या वेळी दारातून मैत्रीण अंथरुणाची वळकटी डोक्यावर घेऊन आत आली आणि ती तिने माझ्या कॉटखाली सरकवली. तिच्या मागून टीचर, हातात एक तक्ता. त्यावर सहा आठवड्यांचं वेळापत्रक, लाल आणि निळ्या शाईत. आंघोळ कोण घालणार, जेवण कुणाकडून, प्लास्टर तपासायला नेणार कोण.

"टीचर, हे असं चालणार नाही," मुलगा म्हणाला.

"बस खाली," टीचर म्हणाली.

सातवीत त्याला तिनेच शिकवलं होतं. आता तो चाळिशीला आलेला, कंपनीत चाळीस माणसं हाताखाली असलेला, तो बसला. मैत्रीण म्हणाली, "रे बाबू, तुझी लिफ्ट बंद पडली तर हिका उचलतला कोण? आमी एकदा उचललंव. आमका वजन म्हायत असा." टीचरने तक्ता त्याच्यासमोर धरला आणि खाली पालकाची सही असं लिहिलं होतं तिथे बोट ठेवलं. त्याने खिशातून पेन काढलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पुढच्या सामन्याला जाशील तेव्हा मला खरं सांगून जा." आणि त्याने सही केली. चार दिवस राहून तो एकटाच परत गेला. ट्रंकेतल्या साड्या त्यानेच पुन्हा कपाटात लावल्या, चुकीच्या कप्प्यात.

सहा आठवडे मी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून होते आणि त्या दोघी माझ्या चुलीवर भांडत होत्या. टीचर सगळं उकडते. मैत्रीण सगळ्यात तिरफळ घालते. त्यांचं ऐकता ऐकता मला तुझी खानावळ दिसायला लागायची. तू वाटणावर बसलेली, बाहेर पंगत, आणि मी दारात उभी राहून सांगतेय की माझी शाळेच्या संघात निवड झालीय, कणकवलीला जायचंय. तू वरही बघितलं नाहीस. "कणकवलेक? खेळूक? आणि हयसर वाढतला कोण, तुझो मास्तर? पाय मोडून इलंस म्हणजे झाला." मैत्रीण गेली आणि स्टीलची वाटी जिंकून आली. मी वाढत राहिले. त्या दिवशी पहिल्या पंगतीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही आणि तुला ते कळलंच नाही, एवढी तू कामात होतीस, असं मी पुष्कळ वर्षं समजत होते.

मग पंधरा दिवसांनी तू बाजारातून पांढरे कॅनव्हासचे बूट घेऊन आलीस. आम्ही मातीत अनवाणी खेळायचो. तू कबड्डी कधी पाहिलीच नव्हतीस, तुला कुणीतरी सांगितलं असेल की खेळणाऱ्या मुली बूट घालतात. "पुढच्या खेपेक जा," एवढंच म्हणालीस. मी ते घातले, उभी राहिले आणि म्हटलं, बोटांना लागतात. तू खाली बसून अंगठ्याने बुटाचं टोक दाबून पाहिलंस आणि दुसऱ्या दिवशी ते मावशीच्या मुलीला देऊन टाकलेस. पुढच्या वर्षी मी संघासाठी नावच दिलं नाही.

टीचर मला चालवायला यायची वेळ झाली. हे कागद तिच्या हाती लागले तर ती शुद्धलेखन तपासेल, म्हणून गादीखाली सारते. तुला पाठवायचे तरी कुठे. पण एक सांगायचं राहिलं आहे. बूट लागत नव्हते. पुढे बोटभर जागा होती. तू वाढत्या पायाचे घेतले होतेस, आणि अंगठा दाबलास तेव्हा ते तुलाही कळलं होतं.