तुझ्या खाणीतली शिशाची माती

बाईनं चाकाला हात लावायचा न्हाई म्हणायचास. माती मी खणायची, मी चाळायची, पायानं मी तुडवायची, माठ भाजायच्या आव्याला गवऱ्या मी रचायच्या. नुसतं फिरतं चाक तेवढं तुझं. एकदा बोट लावलं तर चिखलाचा हात तसाच पाठीत घातलास. हे आधी सांगून टाकलं. आता विचारते, बरा हाईस ना, बा?

वढ्याकडची आपली मातीची खाण आठवते का? तिथली माती जिभेवर ठेवून तू सांगायचास, ही माठाची, ही विटांची. घनसावंगीच्या बाजारात तुझा माठ कधी परत आला न्हाई. तुझ्या माघारी त्या खाणीवर एकानं शेड टाकलं आन जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवलं. तो पळाला, शिसं मातीत राह्यलं. गवत खाऊन शेळ्या मेल्या, विहीर बंद केली. आता ती माती कुणी जिभेवर ठेवायची न्हाई. मेलेला हाईस म्हणून वाचलास.

माझी नात जालन्याला शिकून इंजिनेर झाली. ती म्हणती, ही माती दुसरीकडं नेऊन टाकली तर दुसऱ्या गावाच्या शेळ्या मरतील. त्यापरीस चांगल्या मातीत थोडी थोडी मिसळून कडक भाजायची, शिसं आतच कोंडून राहतं, आन वाटंवर टाकायच्या फरशा होतात. पहिल्या फरशा पाण्यात ठेवून तपासल्या तर पाण्यात शिसं उतरलं. तिचे साहेब म्हणले, अजून एकदा बघू, न्हाई जमलं तर बंद. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी एक फरशी वाजवली. भद्द. दगडावर आपटून फोडली.

"आज्जे, आधी हातमोजे घाल!"

"घालते. पण हे बघ, मधी काळी हाय. आतून कच्ची. एवढी कसली जल्दी?"

"मशीनवर जाळाचा आकडा बराबर आल्ता."

"तो भट्टीचा आकडा. फरशीच्या पोटात कोण बघणार?"

मंग तुझं सगळं तिला सांगितलं. जाळ हळू चढवायचा, चढला की तिथंच धरून ठेवायचा, आन आव्याचं तोंड लिंपलं की आपोआप निवेपर्यंत उघडायचं न्हाई. मला बघायला सोयरे येऊन बसले तरी तू आव्यापासून उठला न्हाईस. तवा राग आल्ता. तुझ्यासारखा भाजणारा मी पुन्हा बघितला न्हाई. पोरीनं वहीत लिहून घेतलं, फरशी पातळ केली, जाळ धरून ठेवला. या खेपेला टणटण वाजली, आन पाणी साफ निघालं. आता खाणीतली सगळी माती तिच्या हवाली झाली. म्हणलं, या मातीचा माठ केलास तर तंगडं मोडीन. ती म्हणली, "आज्जे, ते मला कळतं." तुझीच जीभ हाय तिला.

हा कागद कुठं पोचायचा न्हाई, म्हणून लिहिते. शेडला जागा मीच दिल्ती. वाटलं, माठ आता घेतंय कोण. काल पोरगी विचारत होती, "त्याला जागा दिली कोणी गं?" मी भाकरी थापायला उठले. आज ती पुन्हा विचारंल. तू तिच्या सपनात बिपनात जाऊन काही बोलू नको. उत्तर मी देणार.