भिंतीचा गारवा

४ मार्च १९७३
आज उमरग्यात आलो. बेंबळीची आमची विहीर आटली तेव्हापासून माझ्या बायकोचं, केशरबाईचं, एकच म्हणणं होतं, जिथं पाणी आहे तिथं चला. इथले तेलगिरणीचे मालक कल्याणप्पाशेठ यांच्या घरी राखणदारी मिळाली. पगार बेताचा, पण रोज दोन घागरी पाणी. एसटीत केशर चक्क गुणगुणत होती. मी चौथी शिकलेला, म्हणून हे लिहून ठेवतो. ती म्हणते, माझ्याशी बोलायचं सोडून कागदाशी काय बोलता.

५ मार्च
घर पाहून डोळे दिपले. ओतीव लोखंडाचे खांब, खिडक्यांना लाल-निळ्या काचा, दर्शनी भिंतीवर चुन्यात घडवलेले पोपट आणि द्राक्षांचे घड. शेठच्या वडिलांनी निजामाच्या काळात हैदराबादचे कारागीर आणून हे उभं केलं. आता शेठ सहकारी सूतगिरणी काढतायत. उद्घाटनाला पुढारी येणार, ते या घरी उतरणार, म्हणून भिंतीचं चुनाकाम नवं केलंय. त्यावर पाणी मारत राहणं हे माझं काम. शेठ म्हणाले, पिराजी, भिंत सुकता कामा नये, बाकी काहीही सुकलं तरी चालेल. मीही हसलो. नोकरी नवी होती.

९ मार्च
टँकर येतो तो भिंतीसाठी. फाटकाबाहेर बाया घागरी घेऊन ताटकळतात. त्यांना हाकलणंही माझ्याकडेच. एकीनं विचारलं, भिंतीला तहान लागती व्हय तात्या? मी फाटकाची कडी लावली.
मला मात्र घोर लागलाय. बादली ओतली तरी पायथ्याशी ओल उतरत नाही. एवढं पाणी जातं कुठं?
केशर दुपारी ओट्यावर, भिंतीला पाठ लावून बसते. म्हणते, लई गार वाटतं.

१४ मार्च
स्वयंपाकीण महानंदानं सांगितलं, घर बांधलं तेव्हाही दुष्काळच होता. पखालीनं पाणी वाहणारा एक माणूस थकून या भिंतीला टेकला, तो उठला नाही. उचलला तर कडब्याच्या पेंढीसारखा हलका. थोरल्या शेठनी काम थांबवलं नाही. तिच्या मते भिंतीला पाणी मिळालं की ती गप असते. मी म्हणालो, उगा भिववू नको. पण केशरला उठवून खोलीत नेलं. ती चिडली. खोलीवर पत्रा, आत भट्टी.

१८ मार्च
शेठ सोलापूरला गेलेत. फाटकाबाहेर एक म्हातारी चक्कर येऊन पडली. राहवलं नाही. टँकरचं सगळं पाणी बायांना वाटलं. भिंतीवर एक तांब्याही मारला नाही. महानंदानं आत जाऊन दार लावून घेतलं.

१९ मार्च
भिंत ओलीच आहे. द्राक्षं टपोरी दिसतात. काल मी फाटकात होतो तेव्हा केशर ओट्यावर जाऊन बसली होती. तिचे ओठ फुटलेत.

२१ मार्च
डॉक्टर म्हणाले, ऊन बाधलंय, पाणी पाजा. घागर संपवली तिनं. जीभ कोरडीच. तिनं घोट घेतला की पोपटाच्या चोचीतून थेंब —
गावी न्यावं म्हणतो. पण गावी पाणी नाही. इथं आहे, ते आपलं नाही.

२३ मार्च
मी डोळा लागून जागा होतो तो ती ओट्यावर. तीनदा आणली. शेवटी आणताना मला, या म्हाताऱ्याला, काही जड गेलं नाही.

२४ मार्च
उद्घाटन झालं. पुढाऱ्यांनी भिंतीवर हात फिरवला. म्हणाले, दुष्काळातही काय टवटवीत घर आहे. शेठनी माझी पाठ थोपटली. केशर खोलीत पाणी मागत होती — सगळे ग्लास पाहुण्यांकडे —

२५ मार्च
ती भिंतीशी. पाठ सुटत नाही. दोन्ही घागरी भिंतीवर ओतल्या, पिण्याचीही. म्हणालो, हे घे, तिला सोड. भिंत सगळं प्यायली. सोडलं नाही.

दुपार
शेजारी बसलोय. तिचा हात माझ्या हातात — वजनच नाही. मघाशी म्हणाली, या ना, उन्हात का बसता. का मलाच वाटलं.
टेकणार नाही.
घाम येत नाही आता. डोकं —
जरा वेळच. पाठ नुसती लावून — गार आहे. केशर, लई गा