पटावरून काढलेलं नाव

अग्रहार, म्हैसूर

प्रिय तुंगाअक्का,

हुणसूरला पोचल्यापासून तू रोज फोनवर विचारतेस, सुमा, काय झालंय? मी ‘काही नाही’ म्हणते. बोलायला गेले की रडू फुटतं गं, म्हणून लिहिते.

पालकांनी मला शाळेच्या समितीची अध्यक्ष केलं तेव्हा आपल्या घरात केवढी थट्टा झाली! रघु तर ‘अध्यक्षीणबाई, चहा मिळेल का’ म्हणायचा. पण मी ते मनावर घेतलं होतं. मुलं कमी झाली म्हणून आमची सरकारी शाळा मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत मिसळायचं चाललं होतं. पालक आणि शिक्षक मिळून आम्ही ते अडवून धरलं होतं. मी दारोदार फिरले, मुलं काढू नका म्हणून लोकांपुढे हात जोडले.

गेल्या गुरुवारच्या सभेत सुप्रीता मॅडम, आमच्या मुख्याध्यापिका, खाली मान घालून म्हणाल्या की माझ्या स्मृतीचं नाव आज सकाळीच पटावरून काढलंय. मूल शाळेत नसेल तर आईला समितीत बसता येत नाही. मी चक्क हसले. म्हटलं, दुसरी कुणी स्मृती असेल. मग कळलं, बाप म्हणून रघुनं सही केली, तू त्याच्यासोबत होतीस, आणि बोगादीच्या इंग्रजी शाळेत प्रवेशही झाला. मला आनंदाचा धक्का द्यायचा होता म्हणे! अक्का, जिच्या पोटची पोर, तिलाच पत्ता नाही?

त्यात गोदावरीबाई उठल्या. आईवेगळ्या नातीला त्याच सांभाळतात. भर सभेत म्हणाल्या, “अय्यो सुमा, आम्हाला सांगतीस काढू नका, आन तुझी पोरगी मात्र तिकडे, अल्वा, खरं ना?” लोका सांगे ब्रह्मज्ञान! उठले आणि घरी आले.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी गिळलं असतं. पण काल त्याच गोदावरीबाई दारात आल्या. वाटलं, उरलेल्या शिव्या द्यायला आल्या. तर हळूच विचारतात, त्या शाळेत आमच्या पोरीला जागा मिळेल का, सुमानं पोर घातली म्हणजे काहीतरी बघूनच घातली असेल. जे सरकारला जमलं नाही ते आपल्या घरानं केलं, अक्का. आता एकेक करून सगळेच जातील.

म्हणून स्मृतीला सोमवारी परत घालायचं ठरवलंय. रघु सहीला तयार आहे. अडलंय ते माझ्यापाशीच. कालपासून पोर इंग्रजी गाणं म्हणत घरभर नाचतेय, आणि खरं सांगू, ऐकताना मलाही बरं वाटलं. तिला ‘उद्यापासून नाही’ म्हणायला माझं तोंड उघडत नाही. रविवारच्या बसनं ये. घातलंस तू, आता सांगायचंही तूच.

रागावलेली, तरी तुझीच,
सुमा