पाहुण्यांचा ग्लास

आये,

पाया पडतो. फोनवर तुला हल्ली नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय. शेजारच्या सानवीकडून वाचून घे.

मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं. इथे मस्कतच्या हॉटेलात मालकाने नवे ग्लास निवडायचं काम मला दिलं. सोलकढी आम्ही स्टीलच्या पेल्यात द्यायचो, तर गिऱ्हाईक ढुंकून बघायचं नाही. मी बगळ्यासारखा एका पायावर उभा राहणारा पातळ काचेचा ग्लास निवडला. तुला हसू येईल, पण कढीचा गुलाबी रंग दिसायला लागला आणि आता जो तो तीच मागतो. मालक खूश आहे.

तुझा गुडघा कसा आहे? विहिरीवर तू जात नाहीस ना? यंदा कोकमांसाठी रातांबे कोणी काढले?

आणखी एक. मागच्या सुट्टीत तू मला कढी कपाटातल्या काचेच्या ग्लासात दिलीस. ते ग्लास तू फक्त पाहुण्यांसाठी काढतेस. मी अर्धी कढी तशीच ठेवून उठलो.

गणपतीला येतोय. माझा तो पोचे आलेला पेला घासून ठेव.

तुझाच,
रुपेश