यज्ञूदादाची गाडी दुपारी बारा वाजता कुठे जाते

पुरानी बस्ती, रायपूर
श्रावण शुद्ध अष्टमी

तीर्थरूप रमाताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (वाकल्यावर पुन्हा सरळ होता येत नाही, त्याचं कारण पुढे येईलच). भाऊजींचा गुडघा कसा आहे? अकोल्याला पाऊस झाला का? मीनलच्या निकालाचं कळव. इकडे सगळं ठीक. अनुश्रीचा रक्तदाब अर्धा गोळीने आणि अर्धा माझ्यावर ओरडून ताब्यात राहतो. फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीस आणि आजच्या विषयाला पुष्कळ वाक्यं लागणार आहेत.

विषय आहे यज्ञूदादाच्या गाडीचा, त्याच्या त्या मोटारसायकलचा. आपला दादा गेल्याला वीस वर्षं झाली, तेव्हापासून ती अंगणात ताडपत्रीखाली उभी होती, हे तुला ठाऊक आहेच. कुणी विकायचं नाव काढलं नाही, कुणी हातही लावला नाही. अनुश्री तिच्यावर पापड वाळवायची, तेवढाच तिचा उपयोग. या गाडीवरून दादा किती वेळा पडला असेल याचा हिशेब बाबांनीही सोडून दिला होता, आणि गेला मात्र काविळीने, स्वतःच्या अंथरुणात, पांघरूण नीट घेऊन. त्यामुळे गाडीवर माझा राग असा कधीच नव्हता. यंदा उन्हाळ्यात माझी स्कूटर कायमची बसली. मंत्रालय नव्या रायपूरला, म्हणजे घरापासून पंचवीस किलोमीटर, आणि तिकडच्या बसची वाट पाहण्यात माणसाची पेन्शन जवळ येते. तेव्हा मी ताडपत्री काढली. अनुश्री म्हणाली, "तुमची उमर काय, ही गाडी काय. काहून करून राहिले हे?" मी गाडी ढकलत गल्लीत काढली.

उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत बिसाहूराम नावाचे एक म्हातारे मिस्त्री आहेत. रोलिंग मिलच्या धुळीत त्यांचं गॅरेज. दादाच्या वेळेस ते त्याची हीच गाडी बांधायचे. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, टाकीवर हात ठेवला आणि "हव, बन जाही", हो, होईल, एवढंच बोलले. मग दोन महिने मी दर शनिवारी तिथे स्टुलावर बसून गाडीचं पोट उघडलेलं पाहिलं. पिस्टन सिलिंडरमध्ये असा धरला होता की तापवून, लाकडाच्या ठोकळ्याने ठोकून बाहेर काढावा लागला. टाकीत मूठभर नट आणि रॉकेल घालून आम्ही दोघांनी ती आळीपाळीने हलवली, तेव्हा कुठे गंज सुटला (माझा डावा खांदा तेव्हापासून माझा राहिलेला नाही). मूळची गाडी निव्वळ माती-दगडांसाठी. तिला ना दिवा, ना हॉर्न, ना आरसा. मला ती डांबरावरही हवी होती आणि कच्च्यावरही, कारण आमच्या खात्याची अर्धी कामं अजून रस्ता न पोचलेल्या ठिकाणी चालतात. म्हणून नवी कॉइल बसवून दिवे दिले, मागचं साखळीचं पन्नास दातांचं चक्र काढून बेचाळीसचं घातलं, म्हणजे सपाट रस्त्यावर इंजिन उगाच बोंबलणार नाही, आणि टायर घेतले ते अर्धे रस्त्याचे, अर्धे चिखलाचे. सीट चार बोटं खाली केली. दादा सहा फुटी होता, मी आईवर गेलोय. एवढं करून पहिली किक मारली तर तिने ती उलटी मारली, आणि नमस्काराच्या वेळी सांगितलेली कंबर ती हीच.

आता पुढचं शांतपणे वाच. भाऊजींना वाचून दाखवू नकोस, ते हसतील.

रोज दुपारी बाराच्या सुमारास मला मंत्रालयातून फायली घेऊन संचालनालयात जावं लागतं. नवं रायपूर तू पाहिलं नाहीस. सहा पदरी रस्ते, मधोमध झाडांच्या रांगा, आणि दुपारच्या उन्हात मैलभर एक माणूस नाही. सिग्नल कुणासाठी कोण जाणे लाल होतो, हिरवा होतो. मी एकटा नियम पाळून थांबतो, कारण तिथे एकट्याने नियम मोडायची भीती वाटते. पहिल्याच आठवड्यात एका मोठ्या चौकाच्या अलीकडे गाडी डावीकडे ओढू लागली. मी हँडल उजवीकडे धरलं, ती डावीकडेच. डांबर सोडून खाली लाल मुरमात उतरली, वीस-पंचवीस पावलं गेली आणि बंद पडली. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. किक मारली, काही नाही. प्लग काढून पुसला, काही नाही. मग मी आजूबाजूला पाहिलं, ताई. समोरचा रस्ता, चौक, दिव्याचे खांब मनातून पुसले तर ती जागा मला माहीत होती. इथे मुरमाचा माळ होता आणि त्या तळ्याची पार, म्हणजे बांध, होती, जिच्यावरून दादा गाडी उडवायचा आणि आपण दोघं खाली घड्याळ लावून उभे राहायचो. तळं बुजवून त्यावर चौक केला आहे. गाडीला ते कुणी कळवलं नसावं.

तरी मी स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रस्त्याने गेलो (तिथे रस्त्यांचा तुटवडा नाही). बारा वाजून दहा मिनिटांनी त्याच मुरमात उभा होतो. तिसऱ्या दिवशी मी नुसता उभा राहिलो, किक मारलीच नाही. इंजिन कधीचं थंड झालं होतं आणि तरी जळलेल्या तेलाचा वास येत होता, दादाच्या शर्टाला यायचा तसा. आणि मग मागचा शॉकअप दबला. मी हँडल धरून बसलेलो, माझं वजन होतं तेवढंच होतं, आणि गाडीची मागची बाजू खाली बसली. कुणी मागे बसलं की बसते तशी. सिग्नल लाल झाला, हिरवा झाला. मी मागे पाहिलं नाही. तू पाहिलं असतंस, तुझा स्वभावच तसा, पण माझ्यात तेवढं धैर्य नाही. मी फक्त म्हणालो, "नीट बस," आणि गाडी पहिल्या किकला सुरू झाली.

त्या दिवशी कार्यालयात गेलोच नाही, सरळ घराकडे निघालो. गाडी अशी पळत होती की बिसाहूरामांनी पाहिली असती तर मिशीत हसले असते. फुंडहर सुटलं, शहर लागलं, गर्दी लागली, मागचं वजन तसंच. मला भीती वाटत होती आणि खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं. आपल्या गल्लीच्या तोंडाशी, जिथून घराचं दार दिसतं, तिथे शॉकअप वर आला. कुणी उतरावं तसा, हळूच. त्यानंतर रोज हेच. तिथून तो बसतो आणि संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी उतरतो. घरात येत नाही.

घरात काहून येत नाही, हा प्रश्न मी अनुश्रीला विचारला नाही, पण मनातून जाईना. त्याचं उत्तर परवा सापडलं. बाबा होते तोवर दादाचं वर्षश्राद्ध तेच करायचे. ते गेल्यावर गेली आठ वर्षं मी करतो. बाबांच्या वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलंय, श्रावण वद्य षष्ठी. ते मी आमच्या इथल्या महाराजांना वाचून दाखवलं. त्यांनी आपल्या पंचांगात सावन बदी छठ पाहिली, अनुश्रीने किराणा दुकानातून आलेल्या कॅलेंडरवर गोल केला आणि त्या दिवशी आम्ही पान वाढलं. पण इथल्या लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. यांच्या सावनातली बदी म्हणजे आपला आषाढ वद्य. आठ वर्षं आम्ही दादाला एक महिना आधी जेवायला वाढतोय. कावळा कधी शिवला नाही, तेव्हा महाराज म्हणाले, शहरात कावळे कमी झालेत, गाईला द्या. गाईने खाल्लं. गाय तिथी पाहत नाही. आणि तू दर वर्षी बरोबर महिन्याने फोन करून "दादाचं झालं ना?" विचारायचीस, तेव्हा मी अनुश्रीला सांगायचो, ताईला आता दिवसांचं भान राहत नाही. माझे कान तू आल्यावर पिळ.

दादा ज्या दिवशी गेला तो दिवस आठव. पाऱ्यातल्या, आपल्या आळीतल्या, सगळ्या बायकांची कमरछठ होती. अंगणात खड्डा करून, पाणी भरून, मुलांच्या आयुष्यासाठी त्या त्याच्याभोवती बसल्या होत्या, आणि आपल्या घरातून आईचा आवाज आला. कमरछठ यांच्या भादव्यात येते, म्हणजे आपल्या श्रावण वद्य षष्ठीला, ताई. सावनात नाही. ती आता तेरा दिवसांवर आली आहे.

असो. पत्राचं मुख्य कारण एवढंच की गाडीच्या नोंदणीचं जुनं पुस्तक तुझ्या ट्रंकेत असेल तर रजिस्टर पोस्टाने पाठवावं. भाऊजींना नमस्कार, मीनलला आशीर्वाद.

तुझा,
चारुदत्त

ता. क. पुस्तक नाही सापडलं तरी चालेल. पण षष्ठीला तू रायपूरला ये. स्वयंपाक तूच करायचा. अनुश्रीला मी सांगितलंय, तिने एकदाच भुवई वर केली, म्हणजे हरकत नाही.

ता. क. वरचं सगळं लिहून झाल्यावर गाडी बिसाहूरामांना दाखवली. ते म्हणाले, पुढच्या चाकाचा चिमटा किंचित वाकडा आहे म्हणून गाडी डावीकडे ओढते, आणि मागच्या शॉकअपचं सील गेलंय, तेल गळतं, म्हणून तो मनाला येईल तेव्हा बसतो. दोन्ही दुरुस्त केलं. गाडी आता नाकासमोर चालते आणि मागून कडक आहे. तेव्हा तू वाचलेलं बरंचसं एका रबरी वायसरचं काम होतं असं समज.

ता. क. एक खोटं लिहिलंय, ते खोडत नाही, इथे सांगतो. तिथीची चूक मला परवा नाही, चार वर्षांपूर्वीच कळली होती. शेजारच्या काकूंनी कमरछठीच्या उपासाचा पसहर भात आणून दिला, तो हातात घेतला आणि कळलं. मग कुणाला सांगायचं, की मी भावाला चार वर्षं उपाशी ठेवलं? पुढच्या वर्षी गुपचूप दुरुस्त करू, असं ठरवलं. पुढच्या वर्षी तू फोन केलास, मी "झालं" म्हणालो, आणि त्यापुढे दर वर्षी तेच. यंदाही सावनात पान वाढलं, माहीत असून.

ता. क. आज गाडी घरी ठेवून बसने गेलो. त्या चौकाच्या अलीकडे थांबा नाही. बस थांबली. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे पाहत म्हणाला, "उतरिए भैया, आपने ही तो रुकवाया." मी तोंड उघडलं नव्हतं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. उतरून मुरमात बसलो, डबा उघडला, पोळी-भाजी कागदावर काढून ठेवली आणि दादाला म्हणालो, चुकलं माझं, जेव. एक वाजेपर्यंत बसलो. कावळा सोड, त्या पोळीला मुंगीसुद्धा लागली नाही. माझ्या हातचं तो खात नाही, ताई. तुझ्या हातचं खाईल. ये.