बुटांच्या बदल्यात घर

मी, हिरानुमा सादाए, वय एकाहत्तर, राहणार तोकोनाई, उत्तर होक्काइदो, दूध कारखान्याच्या तपासणी विभागातून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणाचे दडपण नाही. संताप आहे, पण संतापलेल्या बाईला वेडी ठरवण्याचा कायदा अजून झालेला नाही.

लिहिण्याचे कारण नदी. बर्फाचे पाणी ओसरून आमच्या गावाच्याच नावाची तोकोनाई नदी आता कोऱ्या चहासारखी निवळली आहे. इतो, म्हणजे आमच्या नदीतला सर्वांत मोठा मासा, वरच्या ओढ्यांत अंडी घालून खाली उतरला आहे आणि उपाशी आहे. आणि मी खिडकीत बसून कागद खरडते आहे, कारण माझे छातीपर्यंतचे रबरी बूट माझी भाची मिनाको हिच्या कपाटात कुलपात आहेत.

गेल्या शरदात मी नदीत पडले. मला हासेबे यांनी ओढून बाहेर काढले. हे आमच्या गळवाल्यांच्या क्लबाचे अध्यक्ष. तेव्हापासून ते गावभर सांगत सुटले आहेत की वर्षातला सर्वांत मोठा मासा त्यांनीच काढला. मिनाको इस्पितळात परिचारिका आहे. तिने माझी नाडी पाहिली, बूट उचलले आणि म्हणाली, "आत्या, आता पुरे. परत पाण्यात उतरायचं असेल तर आधी मृत्युपत्र लिही." तिला वाटले मी घाबरेन.

तर हे घ्या.

कलम पहिले. घर.

माझे घर, त्याची नवी खिडकी आणि जुनी शेगडी यांसह, मिनाको हिला मिळावे. अट एकच: माझे बूट तिने मी जिवंत असताना, या आठवड्याच्या आत माझ्या हातात द्यावेत. मी गेल्यावर शवपेटीत घातलेले बूट धरले जाणार नाहीत. अट मोडल्यास घर गाव-कचेरीला द्यावे आणि त्यांनी ते पाडून तिथे वाहनतळ करावा. गावात तेवढ्या गाड्या नाहीत, पण तो त्यांचा प्रश्न.

कलम दुसरे. दोन गळकाठ्या, रीळ, हातजाळी आणि पत्र्याच्या डब्यातले चमचे.

चमचा म्हणजे चकाकणारे पितळी आमिष. हे सर्व सामान तोकोनाई गावातल्या ज्या बाईला हवे असेल तिला द्यावे. पुरुषांना देऊ नये. त्यांच्याकडे सामान पुष्कळ आहे, कमी आहे ते दुसरेच काही.

मी नोकरीभर सायकलने पूल ओलांडून कारखान्यात गेले आणि एकदाही खाली पाहिले नाही. निवृत्तीनंतरच्या पहिल्या वसंतात पुलावर थांबले, आणि खाली उथळ पाण्यात तापलेल्या सळईसारखा लाल नर उभा होता. माझ्या सायकलीएवढा वाटला. त्या दिवसापासून मला बसवत नाही. लोक म्हणतात, छंद आहे. छंद म्हणजे विणकाम. हे तसे नाही. रात्री कूस बदलली तरी मला प्रवाह कुठल्या बाजूने आहे ते जाणवते.

पहिल्या वर्षी माझा चमचा माझ्याच टोपीत अडकला आणि किनाऱ्यावरचे सगळे क्लबवाले टाळ्या वाजवत उभे राहिले. दुसऱ्या वर्षी एक इतो चमच्यामागे थेट माझ्या गुडघ्यांपर्यंत आला. त्याने मला पाहिले आणि शांतपणे वळला. आमच्या कॉन्व्हेंटच्या मदर सुपीरियर माझ्या निबंधावर नजर टाकून असेच पान उलटत. त्यानंतर एकाने बुडालेल्या झाडाखाली गळाचा दोर नेऊन काठी मोडली. मग बरीच वर्षे थंडी, डास आणि हासेबे यांचे सल्ले.

आणि गेला शरद. गळाला काही लागले. दगड नव्हता. दगड डोके हलवत नाही. त्याने दोनदा डोके असे झटकले की माझे खांदे निखळतील असे वाटले. मी एक पाऊल पुढे टाकले, तिथे तळ नव्हता. मिनाकोने मला ओल्या कपड्यांत पाहिले. तो मासा तिने पाहिला नाही. म्हणून ती मला म्हातारी म्हणते आणि मी तिला अर्धवट माहितीवर निदान करणारी परिचारिका म्हणते.

कलम तिसरे. भांडण.

हे मी कोणालाही देत नाही, सोबत नेते. पण नोंद असावी. आमच्याकडे मोठा मासा मिळाला की त्याच्या अंगाला शाई फासतात, वर ओलसर कागद दाबतात आणि तो ठसा नाव-तारखेसह भिंतीवर लावतात. हासेबे यांचा ठसा सरायीच्या भिंतीवर आहे. बरोबर मीटरभर. क्लबात मीटरवाला तो एकच, म्हणून अध्यक्षही तोच. आता शहाण्या माणसाने विचार करावा: कागद माशाच्या फुगीर पोटावरून वळसा घेऊन बसतो. तो सपाट केला की ठसा माशाहून लांब भरतो. त्या दिवशी यांनी मासा मोजलाच नाही, कागद मोजला. मी हे भर बैठकीत म्हटले.

"सादाएबाई, मासा तर आम्ही खाऊन टाकला," ते म्हणाले. "आता काय माझं पोट मोजणार?"

"मोजलं असतं," मी म्हटले, "पण एवढी लांब पट्टी गावात नाही."

मी आयुष्यभर दूध तपासले. पाणी कुठे घातले आहे ते मला कळते. माझा स्वतःचा सर्वांत मोठा इतो मी पट्टीवर मोजला, तो मीटरला बोटभर कमी भरला. हासेबे शेजारीच उभे होते. "अहो, शेपूट जरा ओढून धरा की. कोण बघतंय?" "मी बघतेय," मी म्हटले, आणि त्याला सोडून दिले.

कलम चौथे. बँकेतली शिल्लक.

अंत्यविधीचा खर्च वजा जाता चर्चच्या नव्या शेगडीसाठी. प्रार्थनेला आलेल्या माणसाला देवाचे भय वाटावे, जानेवारीचे नव्हे.

कलम पाचवे. माझी राख नदीत टाकू नये. तोकोनाईला मी आजवर पुष्कळ पितळ वाहिले आहे, तेवढे पुरे.

इथवर लिहून मी साक्षीदारांना बोलावले. हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण या गावात साक्षीदाराशिवाय काहीच खरे धरत नाहीत. हासेबे यांना मुद्दाम निवडले, कारण त्यांना यातून काही मिळत नाही. ते सहीच्या जागी मारायचा आपल्या नावाचा शिक्का घेऊन आले, सगळे वाचले, तिसऱ्या कलमाशी कानापर्यंत लाल झाले आणि तरीही त्यांनी शिक्का मारला. ही त्यांची सभ्यता मी मान्य करते. दुसऱ्या साक्षीदाराची वाट पाहत असताना मिनाको ड्यूटीवरून आली. तिने कागद ओढून घेतला.

"आत्या, घर देऊन तू माझ्याकडून विकत काय घेतेयस? बुडायची परवानगी?"

"बूट."

"मला घर नको."

"मग वाहनतळ होईल."

"होऊ दे. मीच पहिली गाडी लावीन."

तिने पिशवीतून आपला शिक्का काढला आणि दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी दाबला.

"अगं पोरी, काय केलंस!" हासेबे ओरडले. "ज्याला मिळणार आहे त्यानं साक्ष द्यायची नसते. मृत्युपत्रात नाही, क्लबातही नाही."

"म्हणूनच दिली, काका. आता मला काही मिळायला नको." ती माझ्याकडे वळली. "बोल आत्या. आता कशाची धमकी देतेस?"

तिने माझी धमकीच काढून घेतली. नन्सनाही माझ्या बाबतीत हे कधी साधले नव्हते. मग मी तिला तो मासा सांगितला. पडले ते नव्हे, मासा. डोके कसे झटकले, दोर कसा गुणगुणला. ती उभ्यानेच ऐकत होती.

"दोनदा?" तिने विचारले.

"दोनदा."

तिने पिशवीतून गाडीची किल्ली काढली. मग म्हणाली, "बूट गाडीत आहेत. रोज डिकीत टाकून फिरतेय, वेडी मी. पण एकटीनं जायचं नाही. तुझ्या कमरेला दोर, दुसरं टोक माझ्याकडे. मी ओढलं की बाहेर यायचं."

"मासा गळाला असला तरी?"

"असला तरी."

"हे चालणार नाही."

"अहो, भांडा, पण चालता चालता भांडा," हासेबे म्हणाले. "ऊन कलायच्या आत पोहोचा."

कलम सहावे, उभ्याने लिहिलेले.

पहिले कलम रद्द. खोडून शिक्का मारला आहे. घराचे काय करायचे ते परत आल्यावर ठरवीन. दोर मान्य. मासा गळाला असताना बाहेर येण्याची अट मान्य नाही. तो वाद नदीवर चालू राहील.

हे सर्व माझे म्हणणे, माझ्या अक्षरात, घाईत पण विचारपूर्वक.

हिरानुमा सादाए (सही व शिक्का)
तोकोनाई, २८ मे २०२४, दुपार

साक्षीदार:

हासेबे कोइचिरो. अक्षर बाईंचेच आहे, एवढ्यापुरती साक्ष. कलम तिसरे मला मान्य नाही.

हिरानुमा मिनाको. दोर माझ्या हातात आहे.